सेरोटोनिन आणि एस चॅनेल : समुद्रसशाच्या संवेदी चेतापेशीचा प्रकरण अभ्यास

समुद्रससा या सागरी गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला, की पुढचा काही काळ त्याच्या नळीला, म्हणजे कल्ल्यावरून गेलेले पाणी बाहेर सोडणाऱ्या मांसल नळीला, केलेला हलका स्पर्शही त्याला जबर लागतो. एरवी त्या स्पर्शाने त्याचा कल्ला किंचित आक्रसून पुन्हा पसरला असता. आता तो पुरता आत ओढला जातो आणि बराच वेळ आतच राहतो. झटका बसला शेपटीला आणि हळवी झाली नळी. एकच झटका असेल तर हा हळवेपणा काही मिनिटांत ओसरू लागतो. झटके पुन्हा पुन्हा दिले तर तो दिवसेंदिवस टिकतो. वर्तनातल्या या बदलाला संवेदनवृद्धी म्हणतात, आणि शिकण्याचा हा अगदी साधा प्रकार आहे.

या बदलाचा माग थेट पेशीपटलातल्या एका प्रथिनापर्यंत काढता आला. ते प्रथिन म्हणजे पोटॅशियमचे ‘एस चॅनेल’, पोटॅशियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पेशीपटलातून जाऊ देणारे दार. एस हे अक्षर सेरोटोनिन या, चेतापेशी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडतात त्या द्रव्यावरून आले. सेरोटोनिन आयन चॅनेलवर कसा अंमल चालवते हे समजून घ्यायचे तर अपृष्ठवंशी प्राण्यांतले याहून नीट उलगडलेले प्रकरण मला तरी ठाऊक नाही. ते मुळापासून मांडण्याचे आणखी एक कारण आहे. त्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतो, दुसरा अर्धा क्वचितच येतो, आणि दुसऱ्या अर्ध्याशिवाय पहिला दिशाभूल करतो.

प्राणी आणि पेशी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणारी अ‍ॅप्लिसिया कॅलिफोर्निका ही मोठी सागरी गोगलगाय. तिच्या डोक्यावरच्या दोन शिंगुट्या सशाच्या कानांसारख्या दिसतात, म्हणून समुद्रससा. तिच्या मध्यवर्ती चेतासंस्थेत सुमारे २०,००० चेतापेशी असतात आणि त्या काही चेतागुच्छिकांमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या गाठींमध्ये, वाटलेल्या असतात. उदरातल्या गुच्छिकेत त्यांपैकी सुमारे २,०००. यातल्या काही पेशी इतक्या मोठ्या, की त्यांचा व्यास एक मिलिमीटरच्या आसपास जातो आणि त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका प्राण्यातली ठरावीक पेशी दुसऱ्या प्राण्यात त्याच जागी सापडते. म्हणून पेशींना एल ७, आर २, आर १५ अशी नावे देता आली. एका प्रयोगशाळेत मोजलेल्या पेशीवर दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा प्रयोग करता येतो, ही सोय सस्तन प्राण्यांच्या मेंदूत नाही.

अमेरिकी चेताशास्त्रज्ञ एरिक कँडेल १९६२मध्ये पॅरिसला लादिस्लाव तौक यांच्याकडे या प्राण्यावर काम शिकायला गेले ते याच कारणाने. पुढे न्यूयॉर्कमध्ये, १९७४पासून कोलंबिया विद्यापीठात, त्यांच्या गटाने कल्ला आत ओढण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा आराखडा काढला. नळीच्या त्वचेतला स्पर्श सुमारे दोन डझन संवेदी पेशी टिपतात. त्या कल्ल्याच्या प्रेरक पेशींना, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींना, काही थेट तर काही मधल्या पेशींमार्फत, संदेश देतात. शेपटीच्या झटक्याने वेगळ्याच पेशी जाग्या होतात, आणि त्यांच्यापैकी काही संवेदी पेशींच्या आसपास सेरोटोनिन सोडतात.

सेरोटोनिनवरचा संशय हळूहळू पक्का झाला. या गुच्छिकेत सेरोटोनिन टाकले की सायक्लिक एएमपी या, पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या छोट्या रेणूचे प्रमाण वाढते, हे १९७२मध्ये दिसले. १९७६मध्ये ब्रुनेली, कास्तेलुची आणि कँडेल यांनी दाखवले, की सेरोटोनिनचे द्रावण गुच्छिकेवर सोडल्यास संवेदी पेशीकडून प्रेरक पेशीकडे जाणारा संदेश बळकट होतो, आणि संवेदी पेशीत सायक्लिक एएमपी टोचल्यावरही तेच घडते. बऱ्याच पुढे, १९८९मध्ये, सेरोटोनिन बाळगणारे चेतातंतू विषारी रसायनाने निकामी केले तर संवेदनवृद्धी होत नाही, हेही सिद्ध झाले. सेरोटोनिन हा परिणाम घडवू शकते, आणि ते नसेल तर परिणाम घडत नाही. पुराव्याच्या या दोन्ही बाजू हाती असणे चेताविज्ञानात दुर्मीळ आहे.

मुख्य प्रश्न मात्र उरलाच होता. सेरोटोनिनने संवेदी पेशीत नेमके काय बदलते, की तोच आवेग, म्हणजे चेतापेशीतून धावणारी विजेची तीच लहर, आता जास्त संदेशद्रव्य सोडतो?

कॅल्शियमवरून पोटॅशियमकडे

चेतासंधीवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, संदेशद्रव्य सुटते ते कॅल्शियम आत शिरल्यामुळे. आवेग आला, कॅल्शियमची चॅनेल उघडली, कॅल्शियम आत आले, संदेशद्रव्य बाहेर पडले. तेव्हा सेरोटोनिन कॅल्शियमचा प्रवाह वाढवत असणार, हा पहिला तर्क साहजिक होता. मार्क क्लाइन आणि कँडेल यांचा १९७८चा लेख याच दिशेने जातो. त्या प्रयोगांत पेशी टीईए या रसायनाच्या द्रावणात ठेवल्या होत्या. टीईएमुळे पोटॅशियमची बरीच चॅनेल अडतात, आवेग लांबतो आणि कॅल्शियमचा भाग मोजण्याजोगा होतो. सेरोटोनिन दिल्यावर हा लांबलेला आवेग आणखी लांबला.

याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कॅल्शियम जास्त आत येत असेल, किंवा पोटॅशियम कमी बाहेर जात असेल. आवेग सुरू होतो धन आयन आत आल्याने आणि संपतो पोटॅशियम बाहेर गेल्याने. पोटॅशियमची वाट अरुंद झाली तर आवेग रेंगाळतो, आणि त्या जादा वेळात कॅल्शियम आपोआप जास्त येते. १९८०मध्ये त्याच दोघांनी पेशीचा विद्युतदाब ठरावीक पातळीवर धरून प्रवाह मोजले, तेव्हा बदल मुख्यतः पोटॅशियमच्या प्रवाहात निघाला. कॅल्शियमची वाढ हा त्याचा परिणाम होता.

आता हा पोटॅशियम प्रवाह कोणता? अशा पेशींमध्ये तोवर पोटॅशियमचे तीन प्रवाह ठाऊक होते: झटकन येऊन मावळणारा, उशिरा येणारा आणि कॅल्शियममुळे सुरू होणारा. क्लाइन, कमार्डो आणि कँडेल यांनी १९८२मध्ये सेरोटोनिनला दाद देणारा प्रवाह या तिघांहून वेगळा असल्याचे सांगितले. तो पेशी विश्रांतीत असतानाही वाहतो, विद्युतदाबाला फारशी दाद देत नाही, आणि पेशी बराच वेळ उत्तेजित स्थितीत धरली तरी थकून बंद पडत नाही. यालाच त्यांनी एस प्रवाह म्हटले.

काचेच्या टोकाखाली

इथपर्यंतचे सगळे मोजमाप संपूर्ण पेशीचे होते. एकेका चॅनेलचे वर्तन पाहण्याची सोय नेहर आणि साकमन यांच्या पॅच क्लॅम्प तंत्राने नुकतीच आली होती. काचेच्या अतिबारीक नळीचे टोक पेशीपटलावर टेकवून किंचित ओढ दिली, की काच आणि पटल इतके घट्ट चिकटतात की त्यांच्या मधून प्रवाह जवळजवळ गळत नाही. टोकाखालच्या इवल्याशा तुकड्यात जेवढी चॅनेल असतील तेवढ्यांचाच प्रवाह नोंदला जातो. चॅनेल उघडले की आलेख एक पायरी चढतो, बंद झाले की एक पायरी उतरतो.

स्टीव्हन सीगलबॉम, कमार्डो आणि कँडेल यांनी १९८२मध्येच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या प्रकरणाचा कणा आहे. संवेदी पेशीच्या पटलावर त्यांना एक पोटॅशियम चॅनेल सापडले, ज्याची वाहकता सुमारे ५५ पिकोसीमेन्स होती. हा आकडा थोडा उलगडून पाहण्यासारखा आहे. पोटॅशियमला बाहेर ढकलणारा दाब ५० मिलिव्होल्ट धरला तर एका चॅनेलमधून पावणेतीन पिकोअँपिअर प्रवाह जातो. म्हणजे ते उघडे असताना सेकंदाला सुमारे पावणेदोन कोटी पोटॅशियम आयन बाहेर पडतात.

सेरोटोनिन त्यांनी नळीच्या आत घातले नाही. ते बाहेरच्या द्रावणात सोडले. काचेच्या घट्ट जोडामुळे नळीच्या टोकाखालच्या चॅनेलपर्यंत सेरोटोनिन बाहेरून पोचूच शकत नव्हते, तरीही ती चॅनेल बंद पडली. याचा अर्थ एकच निघतो. सेरोटोनिन दुसरीकडे कुठेतरी पेशीपटलावरच्या ग्राहकाला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटले, तिथून पेशीच्या आत निरोप गेला, आणि तो निरोप आतल्या बाजूने चॅनेलपर्यंत पोचला. पेशीत सायक्लिक एएमपी टोचल्यावरही चॅनेल तशीच बंद झाली. मला या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटते ती ही मांडणी. एखादे महागडे नवे रसायन न वापरता, औषध नळीत घालायचे की नळीबाहेर एवढ्या एका निवडीने त्यांनी थेट परिणामाची शक्यता बाद केली.

दुसरी गोष्ट बंद होण्याच्या पद्धतीची. एखाद्या पटलातून जाणारा एकूण प्रवाह तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरतो: चालू चॅनेलची संख्या, त्यातले प्रत्येक चॅनेल किती वेळ उघडे राहते ते प्रमाण, आणि उघड्या चॅनेलमधून जाणारा प्रवाह. सेरोटोनिन यांपैकी काहीही कमी करून एकूण प्रवाह घटवू शकले असते. वाड्यातल्या पाच नळांचे पाणी कमी करायचे असेल तर पाचही नळ थोडे थोडे पिळता येतात किंवा त्यातले दोन पूर्ण बंद करता येतात. खाली पडणारे पाणी मोजून या दोन्हींत फरक कळत नाही. पॅच क्लॅम्पने तो कळला. सेरोटोनिनने काही चॅनेल पूर्णपणे बंद केली आणि ती दीर्घकाळ बंदच राहिली. जी चालू राहिली त्यांच्या पायरीची उंची आणि उघडझाप जवळपास पहिल्यासारखीच होती. म्हणजे बदल पहिल्या घटकात, संख्येत, झाला होता.

ही दीर्घ बंदी हाच मोठा दुवा होता. चॅनेलची स्वतःची उघडझाप मिलिसेकंदांत चालते. मिनिटभर टिकणारी बंदी म्हणजे चॅनेलवर किंवा त्याच्या लगत काहीतरी रासायनिक खूण बसली असावी. सायक्लिक एएमपीवर चालणारे प्रोटीन कायनेज, म्हणजे पीकेए, नेमकी अशीच खूण करते. ते एटीपी या पेशीच्या ऊर्जाद्रव्यातला फॉस्फेट गट काढून प्रथिनावर बसवते.

दुवे जोडताना

पीकेएबद्दलचा पुरावा १९८०मध्येच सुरू झाला होता. पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाबरोबर केलेल्या प्रयोगांत या विकराचा क्रियाशील भाग थेट संवेदी पेशीत टोचला आणि सेरोटोनिनशिवायच संदेश बळकट झाला. दोन वर्षांनी उलट प्रयोग झाला. पीकेएला अडवणारे प्रथिन पेशीत टोचल्यावर सेरोटोनिनचा परिणाम रोखला गेला.

शेवटचा दुवा मायकेल शुस्टर आणि सहकाऱ्यांच्या १९८५च्या प्रयोगाने बसला. त्यांनी पटलाचा तुकडा पेशीपासून पूर्ण अलग केला. त्याची आतली बाजू बाहेरच्या द्रावणाकडे वळलेली होती, त्यामुळे पेशीतल्या इतर यंत्रणेचा संबंध उरला नाही. या तुकड्यावर पीकेएचा क्रियाशील भाग आणि एटीपी सोडल्यावर एस चॅनेल सेरोटोनिनने होतात तशीच बंद झाली. या प्रयोगातून काय सिद्ध होते याची मर्यादा नीट सांगायला हवी. फॉस्फेट बसण्याची जागा पटलाच्या त्या तुकड्यातच आहे, एवढे नक्की होते. ती चॅनेलच्याच प्रथिनावर आहे की त्याला चिकटून असलेल्या दुसऱ्या प्रथिनावर, हे या प्रयोगातून ठरत नाही.

याच चॅनेलवर उलटा अंमलही चालतो. एफएमआरएफ-अमाइड हे चार अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड. ते १९७७मध्ये एका शिंपल्यातून वेगळे काढले गेले. समुद्रसशाच्या संवेदी पेशीवर ते सोडले तर एस चॅनेल जास्त उघडी राहतात, आवेग आखूड होतो आणि संदेश क्षीण होतो. हा निरोप वेगळ्या वाटेने जातो: पटलातल्या मेदातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटते आणि त्यापासून लिपॉक्सिजनेज विकराने बनणारी द्रव्ये चॅनेल उघडतात, असे १९८७मध्ये पिओमेली आणि सहकाऱ्यांनी दाखवले. सेरोटोनिन बंद करते, एफएमआरएफ-अमाइड उघडते, आणि दोन्ही निरोप एकाच प्रथिनापाशी येऊन मिळतात. पेशी किती हळवी राहील हे त्या दोन ओढींच्या तोलावर ठरते.

जिथे पहिली कहाणी अपुरी पडली

१९८५पर्यंतची साखळी अशी होती: झटका, सेरोटोनिन, सायक्लिक एएमपी, पीकेए, एस चॅनेल बंद, लांबलेला आवेग, जास्त कॅल्शियम, जास्त संदेशद्रव्य. ती इतकी सुबक आहे की अजूनही अनेक ठिकाणी याच रूपात शिकवली जाते. तिच्यातला प्रत्येक प्रयोग खरा आहे. शेवटच्या तीन कड्या मात्र दिल्या तशा टिकत नाहीत.

पहिली शंका खुद्द कँडेल यांच्याच प्रयोगशाळेतून आली. १९८६मध्ये होखनर, क्लाइन, शाखर आणि कँडेल यांनी दाखवले, की पुन्हा पुन्हा वापरून थकलेल्या चेतासंधीत आवेग लांबवला तरी संदेश पुरेसा सावरत नाही. सेरोटोनिन मात्र तो सावरते. म्हणजे आवेगाच्या लांबीखेरीज काहीतरी दुसरे, संदेशद्रव्याच्या पुरवठ्याशी निगडित, सेरोटोनिन घडवत असले पाहिजे. या वाटेत पीकेएपेक्षा त्याच धर्तीच्या प्रोटीन कायनेज सी या दुसऱ्या विकराचा वाटा जास्त असल्याचे पुढे दिसून आले.

दुसरी शंका जास्त मूलभूत होती. टेक्सासमधल्या ह्यूस्टनला डग्लस बॅक्स्टर आणि जॉन बर्न यांनी शेपटीच्या संवेदी पेशींवर १९८९ ते १९९० या काळात काम केले. सेरोटोनिन एस प्रवाहाबरोबरच उशिरा येणारा, विद्युतदाबावर चालणारा पोटॅशियम प्रवाहही कमी करते, आणि आवेग लांबतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रवाहामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९२मध्ये गोल्डस्मिथ आणि एब्रम्स यांच्या कामातूनही सायक्लिक एएमपी एकाहून अधिक पोटॅशियम प्रवाहांवर चालते हेच पुढे आले. १९९४मध्ये क्लाइन यांनी, म्हणजे मूळ कहाणीच्या लेखकांपैकीच एकाने, विसावलेल्या चेतासंधीत सेरोटोनिनने होणारी वाढ आवेगाच्या लांबण्यावर अवलंबून नसल्याचे मांडले.

टीईएचा मुद्दा इथे परत पाहावा लागतो. ज्या द्रावणात उशिरा येणारा प्रवाह आधीच अडवलेला असतो, तिथे आवेग संपवण्याचे काम टीईएला न जुमानणाऱ्या एस प्रवाहाकडे जाते. मग सेरोटोनिनने तो कमी झाला की आवेगाची लांबी डोळ्यांत भरेल एवढी वाढणारच. नेहमीच्या समुद्रजलात ती जबाबदारी मुळात दुसऱ्या प्रवाहाची आहे. माझ्या मते एस चॅनेलला आवेगाच्या लांबीचे श्रेय जास्त मिळण्यामागे मोजमापाच्या सोयीसाठी निवडलेली ही स्थिती बऱ्याच अंशी आहे. शिवाय पॅच क्लॅम्पच्या नोंदी पेशीच्या मुख्य देहावरच्या होत्या. संदेशद्रव्य सुटते ते बारीक टोकांपाशी. देहावर जे दिसले तेच टोकाशी त्याच प्रमाणात घडते, हे गृहीत धरलेले होते.

मग एस चॅनेलचे खरे काम कोणते? ते त्याच्या स्वभावातच आहे. जे चॅनेल विश्रांतीतही उघडे असते आणि थकत नाही, ते पेशीला सतत शांत ठेवते. एरवी संवेदी पेशीला विजेचा लांब धक्का दिला तर ती एकदोन आवेग देऊन गप्प होते. सेरोटोनिननंतर तेवढ्याच धक्क्याला ती आवेगांची माळ सोडते. एस चॅनेल बंद झाल्याचा हा थेट परिणाम आहे. नळीच्या त्याच स्पर्शाला दोनाऐवजी अनेक आवेग चेतासंधीपर्यंत पोचले, तर कल्ला जोरात आत ओढला जाईल, यात नवल नाही. संवेदनवृद्धीत एस चॅनेलची भूमिका आहेच. ती आवेगाच्या लांबीपेक्षा आवेगांच्या संख्येत जास्त आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतीचा रस्ता आणखी वेगळा आहे. तिथे पीकेए पेशीकेंद्रकात जाते, जनुके चालू होतात आणि नव्या चेतासंधी तयार होतात. कँडेल यांना कार्लसन आणि ग्रीनगार्ड यांच्याबरोबर २०००चे नोबेल मिळाले ते या सगळ्या कामासाठी.

तेच द्रव्य, वेगळी पेशी

या प्रकरणावरून ‘सेरोटोनिन पोटॅशियम चॅनेल बंद करते’ असा सरसकट नियम काढणे चूक ठरेल, आणि ते दाखवणारी पेशी त्याच उदर-गुच्छिकेत आहे. आर १५ ही पेशी स्वतःहून आवेगांचे झुबके सोडते आणि मधल्या काळात शांत होते. अर्विन लेव्हिटन यांच्या गटाने दाखवले, की या पेशीत सेरोटोनिन सायक्लिक एएमपी वाढवते आणि त्यामुळे पोटॅशियमचा एक वेगळा प्रवाह वाढतो. पेशी अधिक शांत होते. द्रव्य तेच आणि दुय्यम संदेशवाहक, म्हणजे पेशीच्या आत निरोप नेणारे सायक्लिक एएमपी, हाही तोच, तरी परिणाम उलटा. फरक पडतो तो पेशीने आपल्या पटलात कोणती चॅनेल ठेवली आहेत याने. मृदुकाय प्राण्यांच्या चेतापेशींत सेरोटोनिनचे सहा वेगवेगळे प्रतिसाद गेर्शेनफेल्ड आणि पोपार्दँ-त्रित्श यांनी १९७४मध्येच नोंदवले होते. काहींत वाहकता वाढत होती, काहींत घटत होती. सी. एलेगन्स या गोलकृमीत तर सेरोटोनिनला दुय्यम संदेशवाहकाची गरजही लागत नाही. त्याचे मॉड-१ हे प्रथिन ग्राहकही आहे आणि क्लोराइडचे चॅनेलही. सेरोटोनिन चिकटले की ते थेट उघडते. हे २०००मध्ये रंगनाथन, कॅनन आणि हॉर्विट्झ यांनी दाखवले.

एस चॅनेलचे नातेवाईक सस्तन प्राण्यांतही सापडले. फ्रान्समध्ये लाझदुन्स्की यांच्या प्रयोगशाळेत ट्रेक-१ नावाच्या पोटॅशियम चॅनेलचे जनुक १९९६मध्ये वेगळे केले गेले. १९९८मध्ये अमांडा पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे गुण एस चॅनेलशी ताडून पाहिले. दोन्ही विश्रांतीत उघडी, दोन्ही अ‍ॅराकिडॉनिक आम्लाने आणि पटल ताणल्याने जास्त उघडतात, दोन्ही सायक्लिक एएमपीने बंद होतात. ट्रेक-१मध्ये पीकेए फॉस्फेट बसवते ती जागा चॅनेलच्या स्वतःच्याच प्रथिनावर, पेशीच्या आत लोंबणाऱ्या शेपटीत, सेरिन या अमिनो आम्लाच्या एका कडीवर निघाली. तो सेरिन बदलला की सायक्लिक एएमपीची मात्रा चालत नाही. समुद्रसशाच्या पटलाच्या तुकड्यावर जो प्रश्न १९८५मध्ये अनुत्तरित राहिला होता, त्याचे उत्तर निदान या नातेवाइकापुरते मिळाले. ट्रेक-१ नसलेले उंदीर नैराश्याच्या नेहमीच्या चाचण्यांत सहज हार मानत नाहीत, असे २००६मध्ये दिसले. त्यामुळे औषधशास्त्राचे लक्ष या कुळाकडे वळले. उंदराच्या चाचणीवरून माणसाच्या नैराश्यापर्यंतची उडी फार लांबची आहे, पण सेरोटोनिन पीकेएच्या वाटेने विश्रांतीतल्या पोटॅशियम चॅनेलपर्यंत पोचते, हा धागा गोगलगायीपासून उंदरापर्यंत एकच दिसतो.